जुन्या नाट्यगृहाचा इतिहास शोधायचाय, बजेट 2000

वेंगुर्लेकर_78: आमच्या वाडीच्या तोंडाशी जुनं नाट्यगृह आहे, आता त्यात सिमेंट-पत्र्याचं गोडाऊन. स्टेजच्या फळ्या, रंगपटाची खोली अजून शाबूत आहे. कोणी बांधलं, कधी बंद पडलं, धड कोणीच सांगत नाही. शनिवार-रविवारच मोकळा असतो. सुरुवात कुठून करू?

चिरेबंदी: ड्रोन! आमच्या वाड्याचं शूटिंग केलं, पंचवीस हजार गेले पण काय दिसतो वाडा!!

वेंगुर्लेकर_78: दादा, बजेट वाचलंत का?

गजालवाला: मेल्या, थेटर कसला शोधतंस? दशावताराक थेटर लागना नाय, देवळाकडचो मांड, म्हणजे मोकळी जागा, पुरे.

पेटीमास्तर: म्हणजे संगीत नाटकं काय मांडावर व्हायची? आजोबा सांगायचे, कंपनीचे पडदे आणि पेट्या बोटीतून उतरायच्या.

गजालवाला: तुझे आजोबा मुंबैक होते ना?

फेरफार: भांडा नंतर. आधी सिटी सर्व्हेतून प्रॉपर्टी कार्ड काढा, मालक कसे बदलले ते कळेल. मग नगरपरिषदेत माहिती अधिकार टाका, अर्ज 10 रुपये, पानाला 2, जुनी घरपट्टीची नोंद आणि ठराव मागा. शिवाय मुंबई इलाख्यात 1923 पासून तिकिटावर करमणूक कर होता, म्हणजे तिकीट लावून खेळ झाले असतील तर सरकार दरबारी खूण असू शकते. आणि सिंधुदुर्ग वेगळा झाला 1981 ला, त्याआधीचं रत्नागिरीतही विचारा.

चिरेबंदी: प्रॉपर्टी कार्ड काढा, मी पण तेच म्हणणार होतो.

नळेवाली: कार्डाचं नावच नको, मला एका ऑफिसात चार महिने फिरवलं, साहेब कायम मीटिंगला. त्यापेक्षा कौल उलटं करून बघा, कारखान्याचा शिक्का असतो. बासल मिशन या ख्रिस्ती संस्थेचा मंगळुरातला कौलांचा कारखाना 1865 चा, तो शिक्का निघाला तर कौल त्यानंतरचं. पण कौलं मागाहून बदलतात, त्यामुळे भिंतीचं वय त्यावरून काढू नका.

वेंगुर्लेकर_78: आभार सगळ्यांचे. पण कागद आधी नकोच. गोडाऊनवाला हो म्हणालाय, रविवारी वाडीतल्या म्हाताऱ्यांना तिथेच स्टेजवर बसवून चहा-भजी, मोबाईलवर रेकॉर्डिंग. सगळे पैसे भज्यांत.

फेरफार: म्हातारे साल चुकीचं सांगतात हो! निदान आधी कार्ड तरी...

पेटीमास्तर: साल चुकू दे, पदं बरोबर म्हणतील. पेटी आणू?