'या ठिकाणी', 'पाहायला मिळतंय', 'कुठेतरी'... तुमच्या डोक्यात जाणारे शब्द कोणते?

मीरा_ठाणे:
आमच्याकडे संध्याकाळी बाबा बातम्या लावतात, मी स्वयंपाकघरातून नुसतं ऐकत असते. काल पावसाची बातमी होती. रिपोर्टर सांगत होता, 'आपण बघू शकता, या ठिकाणी पाणी जे आहे ते मोठ्या प्रमाणात साचलेलं आपल्याला पाहायला मिळतंय आणि नागरिक जे आहेत त्यांना कुठेतरी त्रास सहन करावा लागतोय.' अहो पाणी साचलंय, लोकांचे हाल होतायत, एवढंच ना?
आणि 'पाहायला मिळणं' हे आपण चांगल्या गोष्टीला म्हणतो. मोर पाहायला मिळाला, बऱ्याच दिवसांनी चांगलं नाटक पाहायला मिळालं. मग अपघाताच्या बातमीत 'जखमी प्रवासी पाहायला मिळतायत' असं कसं म्हणवतं? मला खरंच त्रास होतो ऐकताना. हे आलं कुठून, आणि तुम्हाला कुठले शब्द खटकतात?

फील्डवरचा:
मी काही वर्षं रिपोर्टिंग केलंय म्हणून सांगतो. मुंबई दूरदर्शन १९७२ ला सुरू झालं तेव्हा बातम्या म्हणजे लिहिलेला मजकूर, तो कुणीतरी तपासलेला, फालतू शब्द आधीच कापलेले. २००७ च्या आसपास मराठीत चोवीस तासांची चॅनेलं आली आणि रिपोर्टरला एकाच चौकातून दर अर्ध्या तासाने लाइव्ह द्यायची वेळ आली, नवीन काही घडलेलं नसलं तरी. त्यात कानातला आवाज उशिरा येतो. ओबी व्हॅनचा, म्हणजे घटनास्थळावरून थेट प्रक्षेपण करणाऱ्या गाडीचा, सिग्नल ३६ हजार किलोमीटरवरच्या उपग्रहापर्यंत जाऊन परत येतो, नुसत्या त्या प्रवासालाच पाव सेकंद लागतो, बाकी यंत्रणेचा उशीर वेगळा. आता मोबाइल नेटवर्कवर चालणारी बॅकपॅक किट आहेत, त्यात अजूनच लॅग. तुम्ही गप्प झालात की स्टुडिओला वाटतं लाइन गेली, म्हणून तोंड थांबवायचंच नाही. 'जे आहे ते' म्हणेपर्यंत पुढचा शब्द सुचतो.
त्यामुळे पावसात उभ्या असलेल्या पोरांवर माझा राग नाही. राग आहे तो एसीत बसून लिहिलेल्या स्क्रिप्टमध्येही 'पाहायला मिळतंय' घालणाऱ्यांवर. त्यांच्याकडे वेळ असतो, खोडता येतं, तरी खोडत नाहीत.

सायली_के:
माझे दोन. 'माझी मदत कर' आणि 'मी तुला बोललो होतो'. मराठीत मला मदत कर. आणि 'आई मला बोलली' म्हणजे आई रागावली! माझी भाची परवा म्हणाली 'टीचर मला बोलल्या' आणि मी घाबरून विचारलं का गं, काय केलंस, तर टीचरनी फक्त उद्या वही आणायला सांगितलं होतं. सांगणं, म्हणणं, विचारणं, रागावणं ही सगळी वेगवेगळी क्रियापदं एका 'बोलला'त चाललीयेत आणि हिंदीतलं 'उसने मुझे बोला' जसंच्या तसं येतंय याचं मला वाईट वाटतं. कस्टमर केअरवाले तर 'लाइनवर बनून राहा' म्हणतात, समोर लिहून दिलेलं हिंदी असतं बहुतेक.

वऱ्हाडी_माणूस:
सायलीताई, जरा जपून. गिरणगावातली, आगरी-कोळी वस्तीतली माणसं 'मी बोललो' पूर्वीपासून म्हणतात, त्यांना हिंदीने बिघडवलेलं नाही. मी अमरावतीचा. पुण्यात नोकरीला लागलो तेव्हा 'काय करून राहिला' म्हटलं की ऑफिसातले हसायचे. आमच्याकडे आजी-पणजी असंच बोलत आल्या, ती चूक नाही, बोली आहे.
मला सगळ्यात डोक्यात जाते ती हीच सवय, बोलणाऱ्याला मधेच थांबवून दुरुस्त करायची. माणूस सांगतोय की विहिरीचं पानी आटलं, पेरणी वाया गेली, आणि ऐकणारा म्हणतो 'पानी नाही, पाणी'. अरे त्याचं काय गेलंय ते ऐक ना आधी! 'कुठेतरी', 'या ठिकाणी' हे कुठल्याच गावच्या बोलीतलं नाही, ते माइक हातात आला की तोंडात येतं. त्यावर खुशाल बोला, मी तुमच्यासोबत आहे.

सायली_के:
बोलीबद्दल मान्य. माझं म्हणणं शाळेत, घरी प्रमाण मराठी बोलणाऱ्या मुलांबद्दल होतं, गिरणगावाबद्दल नाही.

दुसरा_मजला:
मीराताईंच्या 'कुठेतरी'बद्दल. आमच्या सोसायटीच्या सभेत हा शब्द इतका येतो की मी आता त्यावर अडूनच बसते. टाकी साफ झाली नाही तर 'कुठेतरी दुर्लक्ष झालं'. लिफ्टचे पैसे भरायचे राहिले तर 'कुठेतरी समन्वयाचा अभाव राहिला'. कुठे म्हणजे कुठे, कोणाकडून राहिलं, ते वाक्यात येतच नाही. 'करण्यात येईल', 'ठरविण्यात आले', 'अशी माहिती समोर येते' ही त्याचीच भावंडं. सरकारी कागदातून नोटीस बोर्डावर आली, तिथून आता आपल्या तोंडी. 'पाणी बंद ठेवण्यात येईल' यात बंद ठेवणारा माणूसच नाही, मग तक्रार घेऊन जायचं कोणाकडे? लोकांना वाटतं मी शब्दांवरून भांडते, पण तसं नाहीये, आठ दिवस टँकर मागवावा लागला की कळतं. म्हणून मागच्या सभेत इतिवृत्त वाचून दाखवताना मी हात वर केला आणि म्हटलं, प्रत्येक 'करण्यात येईल'च्या जागी नाव आणि तारीख घाला, नाहीतर मी मंजुरी देणार नाही. सेक्रेटरींना आवडलं नाही, पण टाकीचं काम कोण बघणार ते नाव आता लिहिलंय.

मीरा_ठाणे:
@दुसरा_मजला हे आमच्या सोसायटीत पण करते. आणि @फील्डवरचा, स्क्रिप्टमधलं हे चॅनेलला लिहून कळवलं तर कोणी वाचतं का हो? मेल लिहायला घेतलाय.