शिक्षकाने संशोधन करायचं की आधी वाचायला शिकायचं?

खडूफळा (धागाकर्ता):
नव्या शिक्षकाला शैक्षणिक संशोधनाची ओळख करून द्यायची म्हटलं की प्रशिक्षणात त्याला लगेच समस्या निवडायला, गृहीतक मांडायला आणि पूर्वचाचणी-उत्तरचाचणी घ्यायला लावतात. माझं मत उलटं आहे. पहिलं वर्ष त्याने फक्त दुसऱ्यांचं संशोधन वाचावं आणि त्यातली खोट शोधावी.

नेहमीचं कृतिसंशोधन, म्हणजे शिक्षकाने आपल्याच वर्गातल्या अडचणीवर केलेलं छोटं संशोधन, आठवून बघा. चाचणीत सगळ्यात मागे पडलेली मुलं निवडायची, काही आठवडे जादा तास घ्यायचे, पुन्हा चाचणी घ्यायची. गुण वाढले, उपक्रम यशस्वी! आता, तळाला गेलेल्या मुलांत काही खरोखर कच्ची असतात आणि काहींचा नेमका तो दिवस वाईट गेलेला असतो. या दुसऱ्या मुलांचे गुण पुढच्या चाचणीत तसेही वर येणार, जादा तास घ्या किंवा नका घेऊ. टोकाची मोजमापं पुन्हा सरासरीकडे सरकतात, हे संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टनने १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीवरून दाखवलं होतं. हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या हाती पूर्वचाचणी देऊन एक अहवाल तेवढा वाढतो.

सातवी_ब:
साफ असहमत. मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविनने १९४६ मध्ये कृतिसंशोधनाची कल्पना मांडली, पुढे शिक्षणतज्ज्ञ स्टीफन कोरी यांनी ती शाळांत रुजवली. त्यामागचा विचार असा की दुसऱ्याने काढलेला निष्कर्ष वाचून माणूस सवयी बदलत नाही, स्वतः शोधलेल्या गोष्टीने बदलतो. ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ लॉरेन्स स्टेनहाउस तर म्हणत की बाहेरून आलेली प्रत्येक शिफारस शिक्षकाने आपल्या वर्गात तपासून बघावी.

आणि नुसतं वाचून काय होतं तेही सांगते. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९८५ ते १९८९ या काळात मुलांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी लहान (१३ ते १७ मुलांच्या) आणि नेहमीच्या (२२ ते २५ मुलांच्या) वर्गांत वाटणी केली. लहान वर्गातली मुलं पुढे राहिली. ते वाचून कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये राज्यभर वर्ग लहान केले, पण एवढे शिक्षक आणायचे कुठून? पुरेसं प्रशिक्षण नसलेल्यांचीही भरती झाली आणि टेनेसीसारखा फायदा स्पष्ट दिसला नाही. वाचन झालं होतंच की!

खडूफळा:
ताई, हे उदाहरण माझ्याच पारड्यात पडतं. टेनेसीत शिक्षकही चिठ्ठी टाकल्यासारखेच वाटून दिले होते, म्हणजे दोन्हीकडचे शिक्षक साधारण सारखे. तेव्हा निष्कर्ष एवढाच निघतो: शिक्षक तसाच ठेवून मुलं कमी केली तर फायदा. कॅलिफोर्नियात शिक्षकच बदलले. "बाकी काय काय सारखं ठेवलं होतं?" हा प्रश्न वाचतानाच पडायला हवा होता. माझ्या लेखी संशोधनाची ओळख ती हीच.

शंकासुर:
दोघांचं चालू द्या. दिवसभर तास, मग वह्या, मग नोंदी. संशोधन कधी करू आणि कधी वाचू? शिवाय वर्षानुवर्षं आम्हाला शिकवलं की काही मुलं बघून शिकतात, काही ऐकून, काही हात लावून, म्हणून प्रत्येकाला त्याच्या शैलीने शिकवा. हेही संशोधनाच्याच नावाने आलं होतं. आता म्हणतात पुरावा नाही. अशा लोकांवर विश्वास का ठेवू?

खडूफळा:
ठेवूच नका, पुरावा मागा. २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि सहकाऱ्यांनी विचारलं ते हेच. शैलीचा दावा सिद्ध करायचा तर 'बघून शिकणारी' आणि 'ऐकून शिकणारी' मुलं वेगळी काढायची, प्रत्येक गटातल्या निम्म्यांना चित्रांतून आणि निम्म्यांना बोलून शिकवायचं, शेवटी सगळ्यांना एकच परीक्षा द्यायची. पहिल्या गटाला चित्रं सरस आणि दुसऱ्याला बोलणं सरस ठरलं, तर दावा खरा. अशा रीतीने केलेले अभ्यास मोजकेच सापडले आणि त्यांतल्या काहींचा निकाल उलट गेला. मुलाला चित्रं आवडतात हे खरं असेल, पण आवड म्हणजे शिकणं नव्हे.

मागचा_बाक:
विषय परीक्षांकडे आलाच आहे तर संशोधक रूथ बटलर यांचा १९८८ चा प्रयोग सांगतो. काही मुलांना फक्त गुण, काहींना फक्त शेरे, काहींना दोन्ही. फक्त शेरे मिळालेल्यांची कामगिरी सुधारली. दोन्ही मिळालेली मुलं जवळपास नुसते गुण मिळालेल्यांसारखीच वागली, म्हणजे आकडा दिसला की शेरा वाया. रात्री जागून लाल शाईत लिहिणाऱ्यांनी हे वाचलंच पाहिजे.

शंकासुर, यात जादा वेळ कुठे जातो? उलट निम्मं काम वाचतं.

सातवी_ब:
छान प्रयोग आहे, पण माझ्या वर्गात चालेल का? पालक पहिल्या दिवशी विचारणार, गुण किती? ते मला करूनच कळेल. दोन तुकड्या आहेत. एका पाठाला एकीला शेरे आणि दुसरीला गुण, पुढच्या पाठाला अदलाबदल. म्हणजे कोणावर अन्यायही नाही.

शंकासुर:
नवीन काहीतरी चाललंय म्हटल्यावर मुलं तशीही हुरूपाने लिहितात. आपल्यावर लक्ष आहे म्हणून माणूस जास्त काम करतो, त्याचं काय?

सातवी_ब:
अदलाबदलीने ते पूर्ण जात नाही, मान्य. म्हणून नवलाई ओसरेपर्यंत, निदान सत्रभर चालवायचं. आणि त्या तेवढ्या मुलांवरून जगाला सांगायला मी जाणारच नाहीये, मला माझ्या पुढच्या सत्राचं ठरवायचं आहे.

खडूफळा:
याला माझा विरोध नाही, अट एकच. सुरू करण्याआधी लिहून ठेवा की काय दिसलं तर शेरे बंद करून पुन्हा गुणांवर याल. वह्या तपासताना कोणती तुकडी कोणती हे झाकता आलं तर उत्तम, शक्यतो दुसऱ्याकडून तपासून घ्या.

सातवी_ब:
लिहिते. तपासायला शंकासुर सरांना विचारू का?

शंकासुर:
एकाच पाठाच्या वह्या. जास्त नाही.