बाबांचं ईएफ (हार्ट दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतं तो आकडा) ३०, पण ब्लॉक एकही नाही. असं होतं का?

डिचोलीकर७१:
बाबा ६२ वर्षांचे. चवथीला गणपतीवरची माटोळी बांधताना स्टुलावर चढले तरी धाप लागत होती, आम्ही म्हटलं वय झालं, ते म्हणे गॅस आहे सोडा आण. मग पाय सुजले तेव्हा बांबोळीच्या हॉस्पिटलात नेलं तर नाडी १४०, एट्रियल फिब्रिलेशन (एएफ, ठोके अनियमित पडतात), इकोत म्हणजे हार्टच्या सोनोग्राफीत ईएफ ३०. अँजिओग्राफी क्लीन. डॉक्टर म्हणतात कित्येक आठवडे ठोके जोरात पडून हार्टचा स्नायू दमलाय, ठोके ताब्यात आले की सुधारेल. खरं की आम्हाला धीर देतायत?

फोंड्याची_माई:
खरंच असतं हो. माझ्या भावाला फ्लटर (हाही ठोक्यांचाच बिघाड) होता, नाडी १५० ला चिकटलेली, झोपला तरी तेवढीच. ईएफ २५. अ‍ॅब्लेशन (हार्टमधली बिघाडाची जागा नळीने आतून जाळतात) केलं आणि चार महिन्यांनी ५५. पण लगेच आठवड्यात इको करून रडत बसू नका, वेळ लागतो त्याला.

इकोरूम:
याला टॅकीकार्डिया इंड्यूस्ड कार्डिओमायोपॅथी म्हणतात, म्हणजे जलद ठोक्यांमुळे कमजोर झालेलं हार्ट. गोम अशी की आधी कमजोर हार्ट आणि त्यामुळे एएफ, असं उलटंही असू शकतं, त्यामुळे ठोके सुधारल्यावर ईएफ वर आलं तरच पक्कं म्हणता येतं, बहुतेक ३ ते ६ महिन्यांत कळतं. थायरॉईडची टेस्ट केलीय का, त्यानेही एएफ होऊ शकतो? आणि रक्त पातळ करायची गोळी गुठळी होऊ नये म्हणून असते, ईएफ सुधारलं म्हणून ती आपल्या मनाने बंद करायची नाही. अजून एक, घरी ऑक्सिमीटरवर नाडी बघत असाल तर एएफमध्ये काही ठोके बोटापर्यंत पोचतच नाहीत, आकडा कमी दिसतो. स्टेथोस्कोप छातीवर लावून पूर्ण मिनिट मोजलेलं खरं.

फोंड्याची_माई:
हो आणि बरं वाटलं की फॉलोअप सोडू नका!! भावाने वर्षभराने सोडला, ठोके परत सुरू झाले आणि या खेपेला ईएफ फार पटकन घसरलं. नशीब लवकर कळलं.

डिचोलीकर७१:
थायरॉईडचं कोणी बोललंच नाही, उद्या विचारतो. बाबा मागून विचारतायत काजूची फेणी थोडी चालेल का, औषधी असते म्हणे

इकोरूम:
दारूने एएफ भडकतो. बाटली शेजाऱ्यांकडे द्या

डिचोलीकर७१:
शेजारी त्यांचाच पार्टनर आहे 😅 मामाकडे म्हापशाला पाठवतो