मदत हवी आहे: पास्ता आन् मटण एकाच भांड्यात, आज सांजच्यालेच

वावरातला_गडी
राजेहो, लवकर सांगा. पुण्याचे भाचे आले हायेत, त्यायले पास्ताच पायजे, जवाईबुवाले मटण. गॅसचा एकच बर्नर चालते, म्हून काल सगळं एकातच टाकलं. पास्त्याचा लगदा झाला, मटण चिवट राह्यलं, बुड करपलं ते येगळंच. काय चुकलं?

तर्री_पोहे
पाणी किती टाकलं? खिमा की तुकडे? भांडं कोणतं?

वावरातला_गडी
पाणी नेहमीसारखंच. भांडं घरचंच.

तर्री_पोहे
नेहमीसारखं म्हणजे? तुमच्याकडे पास्ता नेहमी होतो का, भाऊ?

डेक्कनचा_राजू
इंडक्शन घ्या. तापमान हवं तसं ठेवता येतं, बर्नरचा प्रश्नच मिटतो.

वावरातला_गडी
लाईन तुमी पाठवान का दादा?

हिरवी_मिरची
मटणाऐवजी सोयावडी घाला, १० मिनिटांत काम होतं.

वावरातला_गडी
सोयाबीनच पेरतो बावा आमी. बाजारभावाचं रडणं कमी हाय का, आता जवाईबुवाच्या ताटातई तेच?

माहेरची_चूल
एवढं काय त्यात! कुकरमध्ये सगळं एकदम घाला, सहा शिट्ट्या.

तर्री_पोहे
ताई, सहा शिट्ट्यांत पास्त्याचं पिठलं होईल.

माहेरची_चूल
कुकरमध्ये मटण मी ३० वर्षं करते आहे.

तर्री_पोहे
मटण करता हो. पास्ता?

चिखलदऱ्याचा_पाऊस
वरणफळंच करा ना. तेई एकाच गंजात होतात, पोट्टे बोटं चाटतीन.

वावरातला_गडी
वरणफळं कोणी इचारली! घ्या सगळं: बोकडाचं मटण हाडासकट पाऊण किलो. पास्ता आठवडी बाजारातला सुटा, पांढरा. जर्मनचा गंज, म्हंजे अॅल्युमिनियमचं भांडं. चार भेदरं, म्हंजे टमाटे, सुरवातीलेच टाकले. वरतून सांबार.

डेक्कनचा_राजू
पास्त्यावर सांबार???

चिखलदऱ्याचा_पाऊस
कोथिंबीर हो, कोथिंबीर. इडलीवालं नाही.

तर्री_पोहे
हे आधी सांगायचं ना! सुटा पांढरा पास्ता बहुतेक मैद्याचा, तो लवकर फुटतो. पाकिटावर ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेला, पिवळसर, कडक पास्ता घ्या. जर्मनचं बुड पातळ, म्हणून करपलं. आणि हाडाच्या मटणाला तासभर लागतो, पास्त्याला १०-१२ मिनिटं. दोघं एकदम कसे शिजतील?

ताईंचा कुकर घ्या, पण झाकण दोनदा लावू नका. कांदा, आलं-लसूण, मटण चांगलं परता, मग दीड ग्लास पाणी आणि सहा शिट्ट्या. वाफ आपोआप जिरू द्या, बोट लावून बघा. मऊ झालं की भेदरं टाकून पाच मिनिटं उकळा. भेदरं आधी नको. मग रस्सा मोजा. वाटीभर पास्त्याला दोन वाट्या, कमी पडला तर गरम पाणीच घाला. पास्ता टाकून झाकण न लावता मध्यम आचेवर शिजवा, बुडापासून हलवत राहा. दाणा दाताखाली थोडा लागतो तेव्हाच बंद करा, रस्सा तो नंतरही पितो. मीठ शेवटी, रस्सा आटला की वाढतं.

माहेरची_चूल
म्हणजे कुकरच ना.

वावरातला_गडी (रात्री ९:४०)
जमलं! परतवाड्याहून पाकीट आणवलं. थोडं बुडाले लागलं, ते पोट्ट्यायनं खरडून खाल्लं. जवाईबुवा पास्ता बाजूले सारून म्हनत, रस्सा मस्त हाय, भाकर आना.

माहेरची_चूल
पाऊण किलोला सहा शिट्ट्या बरोबर लागल्या ना?