बिशपला २०१० मध्ये कळलं, पोलिसांना २०१७ मध्ये

रानजाई
बिस्बी हे ॲरिझोनातलं, मेक्सिकोच्या सीमेजवळचं जुनं खाणगाव. २०१० मध्ये तिथल्या एका माणसानं आपल्या मॉर्मन (अमेरिकेतला एक ख्रिस्ती पंथ) बिशपसमोर कबूल केलं की तो स्वतःच्या पाच वर्षांच्या मुलीवर अत्याचार करतो. मॉर्मनांचा बिशप पगारी धर्मगुरू नसतो. आठवडाभर स्वतःची नोकरी-धंदा आणि रविवारी वॉर्डाचा, म्हणजे स्थानिक मंडळीचा, कारभार. हा बिशप पेशानं डॉक्टर होता. त्यानं चर्चच्या, बिशपांना सल्ला देणाऱ्या हेल्पलाइनला फोन लावला. उत्तर मिळालं, पोलिसांना कळवू नका. त्याच्यानंतर आलेल्या बिशपलाही प्रकरण ठाऊक होतं. २०१३ मध्ये त्या माणसाला चर्चमधून काढलं, आणि बस्स. तो घरी, मुलं घरी. पुढे जन्मलेल्या धाकट्या मुलीचे हाल ती सहा आठवड्यांची असल्यापासून सुरू झाले.

२०१७ मध्ये तो पकडला गेला तो चर्चमुळे नाही. त्यानं इंटरनेटवर टाकलेला व्हिडिओ न्यूझीलंडमधल्या पोलिसांच्या हाती लागला म्हणून. खटला उभा राहण्याआधीच त्यानं कोठडीत आत्महत्या केली. ऑगस्ट २०२२ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या मायकेल रेझेंडिस यांनी हे सगळं बाहेर काढलं. त्याच्या तीन मुलांनी चर्चवर दावा लावला, तो नोव्हेंबर २०२३ मध्ये काउंटी कोर्टानं फेटाळला, कारण कायद्यानं बिशपला गप्प बसायची मुभा होती.

माझं म्हणणं सरळ आहे. मूल धोक्यात असेल तर कबुलीजबाबाची गुप्तता तिथेच संपली पाहिजे.

सॉल्टलेककर
मी मॉर्मन नाही, पण युटात राहतो आणि आमच्या गल्लीत आम्ही सोडून सगळे मॉर्मनच. बर्फ पडला की आमच्या दारातलाही तेच उपसतात. म्हणून दुसरी बाजू मांडतो.

धाग्यात एक गोष्ट राहिली. त्या डॉक्टर-बिशपनं त्या माणसाच्या बायकोला बोलावून घेतलं आणि नवऱ्याकडून तिच्यासमोर पुन्हा कबुली वदवून घेतली. ती तरी मुलांना घेऊन बाहेर पडेल, या आशेनं. ती पडली नाही, आणि पुढे तिलाही तुरुंगवास झाला. तेव्हा सगळं खापर चर्चवर कशाला? आणि कबुली थेट पोलीस चौकीत जाणार हे माहीत असेल, तर कबूल करायला येणार कोण? मग ना बिशपला कळणार, ना बायकोला, ना कुणालाच.

रानजाई
आला, बोलला, कळलं. पुढे सात वर्षं काय झालं ते वर लिहिलंय. त्या 'कळण्याचा' मुलींना काय उपयोग झाला तेवढं सांगा.

कोर्टकचेरी
वकिलीचा चष्मा लावून दोन शब्द. ॲरिझोनाचा कायदा बिशपला गप्प बसायला भाग पाडत नाही. धर्माच्या संकल्पनेनुसार गुप्तता 'वाजवी आणि आवश्यक' वाटली तर त्यानं माहिती राखून ठेवली तरी चालेल, एवढंच म्हणतो. म्हणजे तो फोन करू शकत होता. करू नको हा सल्ला कायद्याचा नव्हता, फोनच्या पलीकडच्या माणसांचा होता.

ही हेल्पलाइन १९९५ ची. गंभीर फोन पुढे जातात चर्चचं काम पाहणाऱ्या कर्टन मॅकॉन्की या वकिली फर्मकडे. फोनच्या नोंदी त्याच दिवशी नष्ट होतात, हे कोर्टाच्या कागदपत्रांतूनच उघड झालं. पीडितांच्या मदतीसाठी लाइन असती तर नोंदी जिवापाड जपल्या असत्या. हेल्पलाइनचं काम खूप काळ चर्चच्या जोखीम-व्यवस्थापन खात्याकडे होतं, यातच सगळं आलं. बातमीत विपर्यास आहे आणि हेल्पलाइन मुलांच्या रक्षणासाठीच आहे, असं चर्च म्हणतं, हेही नोंदवून ठेवतो.

शिवाय त्या बापाला चर्चमधून काढलं ते चर्चच्या शिस्त-समितीपुढे उभं करून. समिती म्हणजे चार माणसं आलीच. त्यांच्यापासून गुप्त नाही, फक्त पोलिसांपासून गुप्त?

अवांतर: आपल्या पॉक्सोच्या कलम १९ मध्ये कळवण्याची सक्ती सगळ्यांना आहे. बुवा-महाराज-फादर कुणालाही सूट नाही. अंमलबजावणीवर वेगळा धागा काढा.

बापूसाहेब
हे दहा-दहा बायका करणारेच ना? मग आश्चर्य कसलं!

दुसरं म्हणजे, तीस-तीस वर्षांनी लोकांना अत्याचार आठवतात आणि नेमकं तेव्हाच चर्चकडे पैसा असतो. अमेरिकेत वकील असे दावे गोळा करत हिंडतात.

कोर्टकचेरी
बापूसाहेब, गल्लत होतेय. मुख्य चर्चनं १८९० मध्येच बहुपत्नीत्व सोडल्याचं जाहीर केलं. तुमच्या डोक्यात आहे तो वॉरन जेफ्सचा फुटीर पंथ. हा जेफ्स २०११ पासून टेक्ससमध्ये जन्मठेप भोगतोय.

पैशांचं म्हणाल तर आयडाहोतलं प्रकरण वाचा. एका तरुणीनं वडिलांवर आरोप केले, वडील स्वतः माजी बिशप. चर्चच्या जोखीम खात्याच्या अधिकाऱ्यानं पुढे केले ३ लाख डॉलर, अट अशी की तोंड उघडायचं नाही. तिनं बोलणी रेकॉर्ड केली म्हणून २०२३ मध्ये जगाला कळलं. आणि 'उशिरा आठवतं' नाही हो, उशिरा बोलता येतं. युटानं मुदत संपलेले दिवाणी दावे पुन्हा उघडायचा कायदा केला होता, तो तिथल्या सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये घटनाबाह्य ठरवला. चाळिशीत धीर करून कोर्टात गेलेल्यांना दारातूनच परत पाठवलं.

बापूसाहेब
बहुपत्नीवाल्यांचं मान्य. उशिराच्या दाव्यांबद्दल मत तेच. आरोप झालेल्या माणसानं तीस वर्षांनी साक्षीदार कुठून आणायचे?

मधलीआळी
कबुलीवरच अडकलात सगळे. मुलाखतींचं काय? अकराव्या-बाराव्या वर्षापासून प्रत्येक मुलामुलीला बिशपसमोर बसून 'पात्रता मुलाखत' द्यावी लागते. ब्रह्मचर्याचे नियम पाळतेस का, हा त्यातला ठरलेला प्रश्न. बंद खोली, अकरा वर्षांची पोर आणि कसलंही प्रशिक्षण नसलेला बाप्या! ह्यूस्टनचे सॅम यंग स्वतः माजी बिशप. त्यांनी हे बंद करा म्हणून २०१८ मध्ये सॉल्ट लेक सिटीत मोर्चा काढला, उपोषण केलं. त्याच सप्टेंबरमध्ये चर्चनं त्यांनाच काढून टाकलं. अत्याचारी बापाला जी शिक्षा, तीच सॅम यंगना.

सॉल्टलेककर
मोर्चाच्या आधीच नियम बदलला होता. २०१८ पासून मुलाला हवं असेल तर पालक किंवा दुसरं मोठं माणूस मुलाखतीला बसू शकतं. मुलांसोबत काम करणाऱ्यांना २०१९ पासून प्रशिक्षण सक्तीचं आहे. युटात २०२४ च्या कायद्यानं धर्मगुरूनं पोलिसांना कळवलं तर त्याच्यावर दावा लावता येत नाही. बदल होतोय, पण धाग्यात त्याची नोंद कुणी घेत नाही.

रानजाई
नोंद घेतली. पण 'कळवलं तर चालेल' आणि 'कळवलंच पाहिजे' यांत अख्खं बिस्बी मावतं. वॉशिंग्टन राज्यानं २०२५ मध्ये दुसऱ्या प्रकारचा कायदा केला, तर कॅथलिक बिशप कोर्टात गेले आणि जुलैमध्ये कबुलीपुरती स्थगिती घेऊन आले. म्हणजे हे दुखणं एकट्या मॉर्मनांचं नाही, तेवढं मान्य.

मधलीआळी
@सॉल्टलेककर, 'मुलाला हवं असेल तर' म्हणजे मागायचं कुणी? अकरा वर्षांच्या मुलीनं? तुमच्या शेजाऱ्यांच्या मुलींना हा नियम माहीत तरी आहे का?

सॉल्टलेककर
विचारलं नाही कधी. शेजारीणबाईंना विचारून इथे लिहितो. पण कायद्यानं बिशपला पोलिसांचा खबऱ्या करायला माझा विरोध आहेच.