घरात कुणी गेल्यावर मागचं सगळं साफ कुणी करायचं? सोलापुरात अशी सर्व्हिस पाहिजे की नको?

साखरपेठकर
मे महिन्यात आमच्या शेजारच्या बैठ्या घरात एक काका गेले. एकटेच राहायचे, मुलगी पुण्याला. तीन दिवस कुणाला पत्ता नाही, बाहेर ४२ चं ऊन, खिडक्या बंद. वास यायला लागला तेव्हा आम्ही दार ठोठावलं, मग पोलीस, पंचनामा, बॉडी सिव्हिलला पोस्टमार्टेमला, इथपर्यंत सगळं नीट झालं, पोलिसांबद्दल माझी काही तक्रार नाही. पण संध्याकाळी सगळे गेले आणि पुण्याहून आलेली ती पोरगी दारात उभी राहून मला म्हणाली, "काका, आता हे?"

हे म्हणजे कॉटवरची कापसाची गादी खालपर्यंत भिजलेली, त्यातून गळून शहाबादी फरशीवर पसरलेलं, आणि फरशीच्या दरजांमधे उतरलेलं. शहाबादी किती शोषून घेते ते आपल्याकडच्या लोकांना सांगायला नको, तेलाचा एक डाग पडला तर वर्षभर जात नाही. आणि नळाला पाणी येऊन दोन दिवस झालेले, पुढचं कधी येणार माहीत नाही, तेव्हा बॅरलमधलं तांब्या तांब्यानं घेऊन आम्ही फिनाईल ओतत बसलो. पोरगी दोनदा बाहेर जाऊन उलटी करून आली आणि परत खराटा हातात घेतला. शेवटी गल्ली झाडणाऱ्या मावशींना बोलावलं, त्यांनी हाताला दुधाच्या पिशव्या बांधल्या, पाय अनवाणी. ७०० रुपये दिले.

मी नंतर वाचत बसलो. अमेरिकेत कॅलिफोर्नियामधे १९९७ पासून यासाठी वेगळा कायदा आहे, असं काम करणाऱ्याला तिथल्या आरोग्य खात्याकडे नोंदणी करावी लागते. जपानमधे एकटे म्हातारे घरात मरतात म्हणून हा एक धंदाच उभा राहिलाय. आपल्याकडे २०१६ चे जैव वैद्यकीय कचऱ्याचे नियम आहेत, रक्तानं भिजलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सुया पांढऱ्या डब्यात, पण ते सगळं दवाखान्यांसाठी. तेच रक्त घरात सांडलं तर घंटागाडीत जातं. आमची ती गादी रात्री अकराला कुठे गेली ते मी इथे लिहीत नाही.

माझं म्हणणं एवढंच, पैसे घेऊन का होईना पण शिकलेली माणसं हे करायला यावीत. ज्याच्या घरातलं माणूस गेलंय त्याच्या हातात खराटा येऊ नये.

गड्ड्यावरचा
वाचून वाईट वाटलं दादा, पण मला हे पटत नाही. आमच्या पेठेत कुणी गेलं की सांगायच्या आधी चार बाया येतात, एक पाणी भरते, एक चूल बघते, एक फरशी पुसते. माझी आजी गेली तेव्हा शेवटचे दोन महिने अंथरुणातच होतं सगळं, ते अंथरूण शेजारच्या तेलुगू काकूंनी उचललं, नाक सुद्धा मुरडलं नाही. उद्या कंपनीचा नंबर भिंतीवर लागला की शेजारी म्हणणार बोलवा की त्यांना. माणूसपण असंच सुटत जातं.

आणि या कंपन्या भीती विकतात हो. वासानं रोग होत नाही. भूकंप, पुरात मेलेल्या लोकांच्या शरीरांमुळे साथी पसरत नाहीत असं जागतिक आरोग्य संघटना पण सांगते. मी कुतूहलानं पुण्यात एका ठिकाणी फोन लावला तर एका खोलीचे पंचवीस हजार सांगितले. विडी वळणाऱ्या घरात कुठून आणायचे?

स्टाफनर्स
वासाबद्दल बरोबर बोललात, वासानं आजार होत नाही. पण रक्ताचं वेगळं आहे. हिपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीचा विषाणू वाळलेल्या डागात सुद्धा सात दिवस जिवंत राहू शकतो, आणि हाताला बारीक चीर असली तरी पुरे. तेलुगू काकूंचं मन मोठं आहे पण मनाला ग्लोव्ह्ज नसतात.

फिनाईलनं वास झाकला जातो, आम्ही वॉर्डात रक्तासाठी हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचचं पाणी वापरतो. बाजारातलं ५ टक्केवालं असेल तर एक भाग ते आणि चार भाग पाणी. पण आधी जुनी फडकी, कागद टाकून सगळं टिपून घ्यायचं, मगच औषध ओतायचं आणि निदान १० मिनिटं राहू द्यायचं. घाण तशीच ठेवून वरून ओतलं तर क्लोरीन त्या घाणीतच संपून जातं. गरम पाणी नको, रक्त गोठून चिकटून बसतं. पाइपनं मारायचं नाही, शिंतोडे भिंतीवर जातात.

आणि हे सगळ्यांनी वाचा, संडासचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. क्लोरीन गॅस होतो. बंद खोलीत असं केलेल्या बाया मी ऑक्सिजनवर बघितल्यात.

यंत्रमाग_एमआयडीसी
अपघात असो की काही असो, पंचनामा होईस्तोवर हात लावू नका एवढंच सांगतो. आमच्या शेजारच्या कारखान्यात एकाचा हात गेला तर मालकानं अर्ध्या तासात धुवून माग चालू केले. नंतर भरपाईच्या वेळी दाखवायला काय राहिलं? सर्व्हिस आली तर ती मालकाच्याच कामाला येणार, बघा.

झाडूवालीचा_पोरगा
सगळे बोलले, आता मी पण बोलतो. माझी आई २२ वर्षं झाडकाम करते. साखरपेठकर, तुम्ही शिकलेली माणसं म्हणताय पण कंपनीच्या त्या पांढऱ्या सूटच्या आत कोण असणार ते मला माहिती आहे, तुम्हाला पण माहिती आहे. आमच्याच वस्तीतली पोरं असणार. कंपनी पंचवीस हजार घेणार आणि पोराच्या हातावर हजार टेकवणार, वर सांगणार दोन घोट मारून जा म्हणजे वास येत नाही.

हातानं मैला साफ करायला बंदीचा कायदा २०१३ ला झाला. तरी माणसं गटारात मरतात म्हणून २०२३ ला सुप्रीम कोर्टाला भरपाई ३० लाख करावी लागली. कायदा असून ही गत, मग ज्या कामाला कायदाच नाही तिथं काय होणार? कंपनी नको. महापालिकेनं कायम नोकरीवर माणसं घ्यावीत, कुठल्या जातीची ते न बघता घ्यावीत, त्यांना लस, बूट, ट्रेनिंग द्यावं, आणि गरिबाला फुकट.

साखरपेठकर
भाऊ तुमचं म्हणणं मनाला लागलं. पण महापालिकेची वाट बघायची म्हणजे किती वर्षं? आठवड्यातनं दीड दिवस सुद्धा पाणी मिळत नाही आपल्याला. त्या रात्री त्या पोरीला मी काय सांगणार होतो, थांब, ठराव होऊ दे?

गड्ड्यावरचा
नर्सताईंचं वाचलं, फिनाईलचं मला खरंच माहीत नव्हतं. तरी मी म्हणतो गल्लीतल्याच चार जणांना हे शिकवा, मंडळाच्या पोरांना शिकवा, ग्लोव्ह्ज आणि औषध मंडळाच्या कपाटात ठेवा. वर्गणीतनं होईल. पण परक्याला पैसे देऊन आपलं माणूस पुसून घेणं मला नाही जमणार.

झाडूवालीचा_पोरगा
मंडळाची पोरं खरंच खराटा धरणार असतील तर मी पहिला येतो शिकायला. पण आजवर धरलेला बघितला नाही.
साखरपेठकर, एक विचारतो. ७०० रुपये दिलेल्या मावशींना नंतर काही विचारलं का? लस बिस?

साखरपेठकर
नाही विचारलं. त्यांच्या टाचेला भेगा होत्या, त्यात फिनाईल गेलं म्हणून त्या पाय झटकत होत्या, तेवढं आठवतंय. नावसुद्धा माहीत नाही मला. सकाळी सहाला येतात त्या गल्लीत.

स्टाफनर्स
अशा वेळी हिपॅटायटिस बी च्या लसीचा पहिला डोस २४ तासांच्या आत दिला तर उत्तम असतो, ते आता गेलं. तरी त्यांना सिव्हिलला घेऊन या, आधी रक्त तपासू, मग तीन डोस, पहिला, महिन्यानं दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. तुम्ही आणि ती मुलगी पण तपासून घ्या, तुम्ही पण हात घातलाच होता.

साखरपेठकर
उद्या सहाला दारात थांबतो. मुलीला आत्ता फोन करतो.