डूख म्हणजे नुसता राग नव्हे!

रानमोगरा: काल इथं एकांनी ठोकून दिलं, ‘डूख, आकस, खुन्नस, सगळं एकच. द्वेष म्हणा नि मोकळे व्हा.’ कसले मोकळे! खुन्नस डोळ्यांत दिसते, सिग्नलला शेजारचा बाईकवाला देतो ती. आकस साहेबाच्या मनात असतो, आपल्याला कळतो इन्क्रिमेंटच्या वेळी. डूख मात्र धरून ठेवतात. आमच्या चुलत आजोबांचं बांधावरून भावकीतल्या एकाशी वाजलं. नंतर सतरा वर्षं त्याच्याशी हसून बोलले, लग्नात आग्रहानं जिलबी वाढली. अठराव्या वर्षी त्याच्या विहिरीच्या वाटेवर दावा ठोकला. याला द्वेष म्हणू?

कोथरूडकर: काल ठोकून देणारा तो मीच. बोलण्यात फरक उरलाय कुठं? माझी मुलगी कॅरम हरली तरी ‘खुन्नस’ म्हणते. आणि तुमचे आजोबा नुसते चिवट होते.

मण्यार_नव्हे_कवड्या: डूख हा शब्दच बाद करा, त्यापायी साप मारले जातात. नाग डूखबिख धरत नाही. मारला तिथंच दुसरा निघतो, तो उंदरांमागं आलेला असतो.

सीनाकाठ: पुण्यात बसून बोलायला काय जातंय! वडलांना उसात घोणस चावली. आरोग्य केंद्रात लस नाही, तिथून तालुक्याला नेलं. पुढं महिनाभर डायलिसिस. आई अजून म्हणते, आदल्या साली नांगराखाली साप गेला, त्यानंच डूख धरला. सांगा तिला तुमचं विज्ञान.

मण्यार_नव्हे_कवड्या: मी गडहिंग्लजचा, पुण्याचा नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर एकच लस चालते. ती केंद्रात नव्हती, यात सापाचा काय दोष?

सीनाकाठ: दोष कुणाचा ते कळतं मला. आईला नका शिकवू.

कोथरूडकर: विषय शब्दाचा होता ना?

रानमोगरा: शब्दाचाच चाललाय. त्या माउलीनं ‘सापानं द्वेष केला’ म्हटलं असतं तर कसं वाटलं असतं? आणि कवड्याभाऊ, ‘सूर्य उगवला’ म्हणता तेव्हा सूर्य फिरतो असं मानता का? मग डूखच का खुपतो?

मण्यार_नव्हे_कवड्या: सूर्य उगवला म्हणून कुणी काठी घेऊन धावत नाही. माणसांपुरता ठेवा तुमचा डूख. त्यांना शोभतो.

कोथरूडकर: बरं बुवा, तिन्ही वेगळे. आजोबांना साष्टांग नमस्कार. त्या दाव्याचं काय झालं?

रानमोगरा: दोघंही वारले. तारखा चालू आहेत.